मनातले मांडे

"मनात मांडे खाऊ नकोस," असं आई मला दिवसातून एकदा तरी म्हणायची. माझं माहेर सासवडचं. सोपानकाकांच्या समाधीपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. दळण निवडता निवडता माझा हात थांबला, नजर कुठेतरी लागली, की आईला पाठमोरी असूनही कळायचं. आणि गंमत अशी, की तीच आई दिवाळीत चकल्या तळताना मांड्यांची गोष्ट सांगायची.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं. सणाचा दिवस, आणि त्यांना मांडे खायची इच्छा झाली. मुक्ताई कुंभाराकडे खापर मागायला गेली, तर विसोबा चाटीनं सगळ्या कुंभारांना आधीच दम भरून ठेवलेला. पोर रडत परत आली. मग ज्ञानदेवांनी आपला जठराग्नी चेतवला, त्यांची पाठ तापलेल्या तव्यासारखी लाल झाली, आणि मुक्ताईनं त्या पाठीवर मांडे भाजले.

गोष्ट कितपत घडलेली आणि कितपत लोकांनी प्रेमानं रचलेली, हा प्रश्न मला लहानपणीही पडला नाही. मला पडायचा तो वेगळाच. माधुकरी मागून जगणाऱ्या पोरांना मांडे कशाला हवेत? एवढा चमत्कारच करायचा होता तर पोतंभर ज्वारी मागायची, वर्षभर भाकरीची ददात मिटली असती. एकदा मी हे आईला विचारलं. तिनं झाऱ्यानं चकली उलटवली आणि म्हणाली, "पोटाला भाकरीच लागते गं. मांडे मनाला लागले होते."

म्हणजे मनातल्या मांड्यांवरून मला दटावणारीही तीच, आणि मनाला लागलेल्या मांड्यांसाठी साक्षात माउलीची पाठ तापली हे सांगणारीही तीच. दोन्हींचा मेळ बसायला मला चाळिशी गाठावी लागली.

मी पोळ्या करते. पुण्यात, गेली बावीस वर्षं, घरूनच. सकाळी साडेपाचला परातीत कणीक घेते, आणि साडेनऊपर्यंत डबे बाहेर पडलेले असतात. किलोभर कणकेच्या तीसएक घडीच्या पोळ्या होतात, हे गणित आता बोटांना पाठ आहे. या धंद्याला मी हौसेनं नाही लागले. २००३ साली ह्यांची कंपनी बंद पडली, म्हणून लागले.

हे टर्नर होते. भोसरीला एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, अठरा वर्षं. हातात जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, घेतला की मापाचं व्हर्निअर लावायच्या आधीच त्यांना कळायचं, किती जास्त आहे ते. पगार आधी उशिरा व्हायला लागला, मग अर्धा व्हायला लागला, आणि एके सकाळी फाटकाला कुलूप होतं. त्याच उन्हाळ्यात आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्याचं विकायचं ठरलं. मालकांनी भाडेकरूंना हातावर थोडे पैसे ठेवले आणि दिवाळीनंतर जागा सोडायला सांगितलं. पदरात आठ वर्षांची मुलगी, घरात सासूबाई, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शाळेची फी, किराणा. आणि आयुर्विम्याचा हप्ता.

या हप्त्याबद्दल सांगायलाच हवं. माझे वडील मला लहानपणी पावती वाचायला लावत. त्यावर दोन हातांच्या ओंजळीत जपलेली ज्योत असते आणि खाली लिहिलेलं असतं, 'योगक्षेमं वहाम्यहम्'. गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक, हे वडिलांनीच सांगितलं. मला बरीच वर्षं योगक्षेम म्हणजे नुसती ख्यालीखुशाली वाटायची. पत्राच्या शेवटी 'योगक्षेम कळवावे' लिहितात ना, तसं. वडिलांनी फोड करून सांगितली होती: जे आपल्याजवळ नाही ते मिळणं हा योग, आणि जे मिळालंय ते टिकणं हे क्षेम. दोन्हींचा भार मी वाहतो, असं भगवंत म्हणतात. २००३ साली मी त्यातल्या क्षेमाला घट्ट धरून बसले होते. आहे तेवढं टिकू दे. योग वगैरे माझ्या हिशेबातच नव्हता. हप्ता मात्र आम्ही मोडू दिला नाही. पोळ्यांचे पहिले जमलेले पैसे त्यातच गेले.

रोज रात्री देवापुढे दिवा लावून मी यादी म्हणायचे. खरंच यादीच. या महिन्याची फी. दिवाळीच्या आत राहायला जागा. तेल, साखर, गोळ्या. ह्यांना कुठेतरी चिकटू दे. रेशनच्या दुकानात कार्ड पुढे सरकवावं तशी मी देवापुढे उभी असायची: एवढ्याचा हक्क आहे, एवढंच द्या, वरचं काही मागत नाही. आणि खोटं कशाला सांगू, देवानं त्या यादीतलं पुष्कळसं दिलं. फीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी कुणाचं तरी केळवण निघायचं आणि शंभर पोळ्यांची ऑर्डर यायची. ह्यांना बाणेरला एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं, बारा तासांची ड्यूटी. ज्या हातांनी मायक्रॉनमध्ये काम केलं, ते हात गाड्यांचे नंबर वहीत लिहू लागले. पण पगार पाच तारखेला व्हायचा. मी हात जोडले.

यादीत न घातलेली एक गोष्ट होती.

वाड्यातलं आमचं स्वयंपाकघर म्हणजे जिन्याखालची जागा. खिडकी नाही. दिवसाही पिवळा बल्ब. समोर भिंत, तिला तेलाचा आणि वाफेचा थर, आणि वरून कुणी जिना उतरलं की माती परातीत पडू नये म्हणून मी पदर आडवा धरायची. त्या भिंतीकडे तोंड करून दिवसाला शंभरेक पोळ्या. पोळी तव्यावर टाकली की उलटायच्या आधी काही क्षण मोकळे मिळतात. माणूस त्या क्षणांत कुठेतरी बघतो. मला बघायला भिंत होती. तेव्हा मी मनात मांडे खायचे: ओट्यासमोर एक खिडकी आहे, आणि खिडकीत झाड आहे. कुठलं, ते ठरलेलं नव्हतं. हिरवं हलतंय, एवढंच.

हे मी देवाला सांगितलं नव्हतं. डोक्यावर छप्पर राहील की नाही याची शाश्वती नाही, आणि बाई खिडकीतलं झाड मागते? मला लाज वाटायची. देव म्हणेल, हिला द्यावं तेवढं थोडंच.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मुलीला घेऊन तुळशीबागेत गेले. पणत्या, रांगोळी, उटणं, एवढंच घ्यायचं होतं. तुळशीबागेत भातुकलीची दुकानं आहेत ती पुण्यातल्या प्रत्येक मुलीला डोळे मिटून सापडतील. पितळेची चूल, बंब, कळशी, करंगळीएवढी पळी. माझी मुलगी एका दुकानासमोर उभी राहिली. तिनं बोटानं पितळेच्या एका इवल्याशा पोळपाट-लाटण्याला हात लावला. लाटणं पोळपाटावर एकदा फिरवलं, पुढे आणि मागे, अगदी मी फिरवते तसं मनगट उचलून. दुकानदार म्हणाला, "घ्या ना ताई, पोरगी हौसेनं बघतेय." मी काही बोलायच्या आत तिनं ते जागेवर ठेवलं, सरळ ठेवलं, लाटणं घरंगळू नये म्हणून पोळपाटाच्या कडेला टेकवून ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नकोच आहे. आपण पणत्या घेऊ."

लोक म्हणतील, किती गुणी पोर. दुकानदार तसं म्हणालाही. मला मात्र घरी येईपर्यंत घशाखाली थुंकी उतरेना. तिनं हट्ट केला असता, भोकाड पसरलं असतं, तर मी रागावले असते आणि विसरलेही असते. पण आठ वर्षांच्या मुलीनं आईकडे मागणंच सोडून दिलं होतं. तिनं माझ्या पाकिटाचा अंदाज घेतला होता आणि मला वाचवलं होतं. भूक लागली की ती सांगायची, वही संपली की सांगायची. गरजेपुरती मी तिची आई होते. हौस तिनं माझ्यापासून लपवून ठेवली.

त्या रात्री दिव्यापुढे बसले आणि यादी तोंडातून बाहेर पडेना. मी देवाशी दुसरं काय करत होते? तुकोबा म्हणतात, 'लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त'. हा अभंग मी शंभरदा म्हटला असेन. आपण लेकरू आहोत हे म्हणायचं, आणि मागताना मात्र शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी न्यावी तसं बेतानं, परतीची भाषा बोलत मागायचं. ज्याला माउली म्हणायचं त्याच्यापुढे लाजायचं. मुलीच्या त्या 'नकोच आहे'नं मला जे झालं, तेच त्याला माझ्यामुळे होत असेल का, हा विचार मनात आला आणि मी रडले. मग मोठ्यानं, म्हणजे सासूबाई जाग्या होणार नाहीत इतपत मोठ्यानं, म्हटलं, "मला ओट्यासमोर खिडकी हवी आहे. आणि झाड."

सांगितलं, आणि काहीही झालं नाही. मार्चपर्यंत आम्ही जागा शोधत होतो. वाडा पाडायचं काम लांबलं म्हणून निभावलं. जिथे भाडं परवडायचं तिथे पाणी नव्हतं, पाणी असलं तर डिपॉझिट झेपायचं नाही. पण माझ्यात एक फरक पडला होता. भिंतीकडे बघत पोळ्या करताना आता मी चोरून मांडे खात नव्हते. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं.

मार्चअखेरीस माझ्या एका डबेवाल्या काकूंनी सांगितलं, सहकारनगरला अरण्येश्वराच्या बाजूला त्यांच्या नात्यातल्या एक आजी आहेत, पहिल्या मजल्यावर स्वतः राहतात, दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी आहे. भाडेकरू नको म्हणतात, पण दोन वेळच्या पोळ्या करणारं कुणी हवंय. गेलो. आजींनी डिपॉझिटचं नाव काढलं नाही. भाडं सांगितलं ते आम्ही मनात धरलं होतं त्याहून थोडं कमी, बाकीच्याच्या पोळ्या आणि भाजी. हे खाली त्यांच्याशी बोलत राहिले आणि मी किल्ली घेऊन वर गेले.

दार उघडलं, पुढची खोली ओलांडली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवला. ओट्याच्या वर, बरोबर जिथे शेगडी ठेवायची तिथे समोर, दोन झडपांची लाकडी खिडकी. कडी गंजलेली. मी ती ओढून उघडली आणि बाहेर बुचाचं झाड. इतकं जवळ, की हात लांब केला तर पान हाताला लागावं. मार्चचा महिना, फुलं नव्हती, नुसतं हिरवं. आणि हलत होतं.

मी ओट्याला धरून खाली बसले. जागेची गरज होती, जागा मिळाली. ते लोकांना सांगण्यासारखं होतं. खिडकीतल्या झाडाचं कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण ते मी मागितलंय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनाही नाही.

पुढच्या ऑक्टोबरात बूच फुललं. ज्यांनी पुण्यात बूच अनुभवला आहे त्यांना मी काय सांगणार. रात्री वास घरभर, सकाळी खाली पांढरा सडा. लांब दांड्याची फुलं. दांड्यात दांडा गुंफत गेलं की सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. मुलगी शाळेत जायच्या आधी पायऱ्यांवर बसून वेणी गुंफायची आणि वर येऊन माझ्या अंबाड्यात खोवायची, माझे हात कणकेत असायचे म्हणून.

तिची भातुकली मी घेतली ती ती चौदाची झाल्यावर. पूर्ण संच घेतला, पितळी, पोळपाट-लाटण्यासकट. तिनं मला मिठी मारली, संच कपाटात ठेवला आणि मैत्रिणींबरोबर क्लासला गेली. आईचं देणं उशिरा पोहोचतं, तेव्हा देवाच्या उशिराबद्दल मी फार तोंड वर करून बोलत नाही.

सासवडच्या शाळेत प्रार्थनेनंतर रोज पसायदान व्हायचं. ज्ञानेश्वरी पुरी झाली ती शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात. तिचा हा शेवट आपल्याकडे पोरंसुद्धा झोपेत म्हणतील. मीही म्हणत आले, 'जो जे वांछिल तो ते लाहो'. सहकारनगरच्या त्या घरात एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणत होते आणि 'वांछिल' या शब्दाला अडले. ज्याला जे लागेल ते, असं नाही म्हटलेलं. ज्याची जी वांछा असेल ते. ज्या पोरांना गावानं खापर मिळू दिलं नाही त्यांच्यातलाच एक देवाजवळ सगळ्या जगासाठी मागतोय, तर तो फक्त भाकरी मागत नाही. तो प्रत्येकासाठी त्याच्या मनातले मांडे मागतोय. आणि त्याच्या आधीच्या ओवीत तो खळांची व्यंकटी सांडो, सत्कर्मी रती वाढो, भूतां परस्परे मैत्र जडो हे मागून घेतो. आधी मनातला वाकडेपणा जाऊ दे, एकमेकांची ओढ लागू दे, आणि मग ज्याला जे हवंसं वाटेल ते मिळू दे. क्रम त्यानं विचार करून लावलाय, असं मला वाटतं. खिडकी मागणाऱ्या माझ्या मनाला त्या क्रमात आपली जागा दिसली.

इथे थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण वाड्यातली माझी शेजारीण आहे. माझ्यापेक्षा कितीतरी श्रद्धाळू. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकही उपास न चुकवणारी. तिच्या मुलाचं मूत्रपिंड गेलं. तिनं नवस बोलले, अनवाणी चतुःशृंगी चढली, तीन वर्षं डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून जप केला. तिची मागणी माझ्या खिडकीसारखी हौसेची नव्हती. मुलगा तेविसाव्या वर्षी गेला.

तिच्या समोर माझ्या खिडकीचं नाव काढायची माझी छाती नाही. मला खिडकी का आणि तिला मुलगा का नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि जे कुणी मोठ्या आवाजात ते सांगतात त्यांच्यापासून मी लांब राहते. तिची श्रद्धा कमी पडली असं एका बाईनं मयताच्या घरी म्हटलं होतं. त्या बाईला मी उठून दार दाखवलं. आयुष्यात माणसांशी मी इतकी कठोर फार थोड्या वेळा वागले आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. शेजारीण अजून दिवा लावते. मी तिला एकदाच विचारलं, काय म्हणतेस त्याला. म्हणाली, "पहिलं वर्षभर भांडले. आता मुलाबद्दल बोलते. दुसरं आहे कोण ऐकणारं, रोज रोज?"

नवसाबद्दल माझ्या आईचं मत स्पष्ट होतं. 'देवाला सांगावं, देवाशी ठरवू नये.' मी तिचं फार ऐकलं नाही. आमच्या त्या वाईट वर्षात एकदा मीही नवस बोलले होते, ह्यांना पुन्हा कारखान्यात काम मिळालं तर अमुक करीन म्हणून. काम मिळालं नाही. आणि मग कितीतरी दिवस मला देवाकडे बघताना व्यवहार मोडलेल्या माणसाकडे बघावं तसं वाटायचं. खिडकी मागताना मी बदल्यात काही देऊ केलं नव्हतं. न मिळती तरी आमच्यात काही मोडलं नसतं.

२०१९ च्या २५ सप्टेंबरची रात्र पुण्यातलं आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. आंबिल ओढ्याला पूर आला. तासा-दोन तासांत पाणी भिंती फोडून सोसायट्यांत शिरलं, गाड्या कागदाच्या होड्यांसारख्या वाहिल्या, माणसं गेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अंधारात उभे. मध्यरात्रीच्या सुमारास खाली एक आवाज झाला, लांबवर काहीतरी फाडत नेल्यासारखा, आणि स्वयंपाकघरात ओला वारा आला. उजाडल्यावर पाहिलं. झाड नव्हतं. बुचाचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यात खालची माती गेली. ते आडवं होऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं, आणि त्याच्या कळ्या, फुलायला आलेल्या, गाळात माखलेल्या.

झाडासाठी रडायची ती वेळ नव्हती. तळमजल्यावरच्यांचं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात. ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसं महापालिकेच्या शाळेत आणली होती. त्या दिवशी 'देव बघतो आहे' हे वाक्य उच्चारायला माझी जीभ रेटेना. मी परात काढली. घरात सहा किलो पीठ होतं, ते दुपारी संपलं. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी, तेव्हा त्या नव्वदीला टेकलेल्या, काठी टेकत वर आल्या आणि त्यांच्या मागे मोलकरीण पिठाचा डबा घेऊन. चारच्या सुमारास कोण कुठली दोन कॉलेजची मुलं दहा किलोचं पोतं दारात ठेवून गेली. त्यांना माझा पत्ता कुणी दिला मला माहीत नाही. रात्री अकरापर्यंत मी लाटत होते. समोर खिडकी उघडी, तिच्यात मोकळं आकाश आणि शेजारच्या इमारतीची मागची बाजू. शाळेतून निरोप आला, एक लहान मुलगी सारखी गूळ-पोळी मागतेय, भाजीला हात लावत नाही. मी चार पोळ्यांना तूप लावलं, गूळ किसून पसरला, गुंडाळ्या केल्या. घरात एवढा आकांत असताना गूळ-पोळी मागणाऱ्या त्या पोरीचा मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही. तिचं मागणं सुटलं नव्हतं.

झाड परत आलं नाही. तिथे आता फरशी आहे.

ह्यांच्याबद्दल लिहायचं राहिलं. म्हणजे मी ठेवलंच होतं शेवटी. सोळा वर्षं वॉचमनचं काम केलं, एकदाही कुरकुर नाही. देवळात माझ्याबरोबर येतात, हात जोडतात, दोन सेकंदांत वळतात. मी विचारायची, काही मागत का नाही. ठरलेलं उत्तर, "गरजेपुरतं मिळतंय, बास." मला माहीत होतं की नाना पेठेत वर्कशॉपसमोरून जाताना त्यांची चाल मंदावते. लेथचा आवाज आला की ते बोलता बोलता थांबतात, आवाज ऐकून आत टूल कसं लागलंय ते त्यांना कळतं. एकदा मुलीनं विचारलं होतं, "बाबा, स्वतःचं मशीन घ्यायचं ना?" तेव्हा हसून म्हणाले, "नकोच ते आता." तुळशीबागेत ऐकलेला तोच शब्द, त्याच सुरात. मुलगी कुणावर गेली ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या वद्य एकादशीला आळंदीला गेलो होतो. बारी मोठी होती, अडीच तास लागले. समाधीपुढे आपल्याला उभं राहायला मिळतं ते किती, मागून लोटत असतात. मी डोकं टेकवून बाहेर आले, मंडपात वाट बघत राहिले. हे येईनात. मान उंच करून पाहिलं तर मागचे लोक त्यांना ढकलतायत आणि हे कठड्याला धरून उभे, ओठ हलतायत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. इंद्रायणीच्या घाटावर जरा बसलो, चहा घेतला आणि स्वारगेटची बस धरली.

दिघी गेल्यावर, खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आज मागितलं मी."

"काय?"

बोलले नाहीत. उजवा हात गुडघ्यावर होता. बोटं अर्धी मिटली, काहीतरी धरल्यासारखी, आणि मनगट हळूहळू गोल फिरू लागलं, थांबलं, किंचित मागे आलं, परत फिरलं. लेथचं हँडव्हील. बावीस वर्षांत मी तो हात तसा फिरताना पाहिला नव्हता. ते त्रेसष्टचे आहेत. आमची जागा अजून भाड्याचीच, दुसरा मजला, दोन खोल्या. 'ठेवणार कुठे?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"केवढा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "साडेचार फुटी बेड पुरे," म्हणाले. "जुना चालेल. रंग गेलेला असला तरी चालेल. पण स्पिंडलला खेळ नको." मग बेड घासलेला आहे की नाही ते हात फिरवून कसं बघायचं, चक कुठला बरा, तेलाची सवय मशीनला कशी लावावी लागते, सगळं सांगू लागले. विश्रांतवाडी गेली, येरवडा गेलं, बसमध्ये दिवे लागले, तरी ते सांगत होते.